वायसरची तीन मिनिटं

"शाब्बास" हा शब्द अण्णांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो, आणि शब्द माझ्यासाठी नव्हता. समोर वायसर, आमचा कुत्रा, बसला होता. बसला होता म्हणजे काय, मागचा भाग जमिनीला टेकवला होता, तोही अर्धवट, एका बाजूला कलून. तेवढ्यावर अण्णा वाकले. ज्या गुडघ्यांमुळे त्यांना चपला घालायला स्टूल लागतं ते गुडघे वाकवून म्हणाले, "शाब्बास! शाब्बास रे माझ्या राजा!" आवाज इतका वर गेला होता की मला वाटलं, मागून दुसरंच कुणीतरी बोललं. मी वळून बघितलंसुद्धा. मागे वसाहतीतला शिंपी होता, आपल्या काळ्या कुत्रीच्या पट्ट्यात स्वतःचाच पाय अडकवून उभा. तो काही बोलला नव्हता. बोलले ते अण्णाच, माझे वडील. चौतीस वर्षं लेथखात्याचे फोरमन होते आणि त्यांच्या हाताखाली काम केलेला माणूस अजून रस्त्यात भेटला की आधी शर्टाची बटणं लावतो.

कुत्र्यांना शिकवायचा हा वर्ग वसाहतीच्या सभागृहात भरतो, दर रविवारी सकाळी नऊला. जमिनीवर बॅडमिंटनच्या रेघा, भिंतीला एकावर एक चढवलेल्या खुर्च्या, फिनेलचा वास आणि त्याच्यावर आठ कुत्र्यांचा वास. शिकवणारी बाई पूर्वी इस्पितळात नर्स होती. बुटकी, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी, पण ती शिट्टी मी कधी वाजलेली ऐकली नाही. कुत्र्यांशी ती हळू बोलते आणि माणसांशी जोरात. "काका, एका सेकंदाच्या आत! त्याने केलं की लगेच कौतुक. दोन सेकंद गेले तर त्याला कळत नाही ते कशाचं होतं." अण्णांनी मान डोलावली होती. सेकंदाचा हिशेब त्यांना पटतो. मी शेजारी पाण्याचा वाडगा घेऊन उभा होतो आणि मनात म्हणत होतो, दोन सेकंद गेले तर कळत नाही, मग अडतीस वर्षं गेल्यावर काय कळणार?

मी कुत्र्यावर जळत होतो. हे आता सरळ लिहितो, तेव्हा मात्र मी ते स्वतःलाही कबूल केलं नसतं. आमच्या घरात कौतुकाची कमाल मर्यादा "चालेल" ही होती. मी दहावीत गणितात वर्गात पहिला आलो, अण्णांनी प्रगतिपुस्तक उजेडात धरलं, जणू कागदाची जाडी बघतायत, आणि सही केली. म्हणाले, "चालेल." मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायला लागलो, पहिला चष्मा त्यांचाच केला. रात्रभर झोप नव्हती मला. त्यांनी तो नाकावर ठेवला, काढला, टेबलावर ठेवून डोळ्यांच्या पातळीवरून बघितला आणि म्हणाले, "डावीकडे अर्धा मिलिमीटर." आणि होता हो, अर्धा मिलिमीटर होताच! हाच तर खरा त्रास. माणूस चुकीचं बोलत असता तर रागावून मोकळा झालो असतो. आई असताना ती मधे पडायची, "अरे, त्यांना आवडलंय, त्यांना बोलता येत नाही." मी आयुष्यभर त्या वाक्यावर काढलं. बोलता येत नाही. मुका माणूस असतो तसं. आणि आता रविवारी सकाळी सव्वानऊला समजतं की चांगलं खणखणीत बोलता येतं.

आई जाऊन आठ महिने झाल्यावर वायसर आला. अण्णा तेव्हा घराबाहेर पडेनासे झाले होते, दिवसाला मोजून पाच-सहा शब्द. एकदा दुधाला म्हणून खाली गेले ते दूध न आणता हा घेऊन आले. उभ्या टेम्पोखाली बसला होता म्हणे. मळकट तपकिरी, आणि एका डोळ्याभोवती अगदी गोल पांढरं कडं. अण्णांनी ते अंगठ्याने पुसून बघितलं, ग्रीस नाही याची खात्री केली आणि नटाखालच्या चकतीवरून नाव ठेवलं वायसर. माझी बायको म्हणाली, "राहू द्या हो, अण्णा बोलायला तरी लागलेत." खरंच लागले होते. त्यांच्या खोलीच्या बंद दारामागून बोलणं ऐकू यायचं, मोठमोठी वाक्यं, मधेच हसणं. मी दारापाशी चहाचा कप घेऊन उभा राहायचो आणि टकटक करायच्या आधी ऐकायचो. कारखान्याच्या गोष्टी चाललेल्या असायच्या. कुठलं यंत्र कधी आलं, कुणी कसं बिघडवलं. त्यातली एकही मला कधी सांगितली नव्हती. मी टकटक केली की आत शांत व्हायचं. "ठेव तिथे," अण्णा म्हणायचे.

मग जिन्यातला प्रकार झाला. वायसरला पट्टा लावून अण्णा उतरत होते, त्याला खाली मांजर दिसली, त्याने ओढ घेतली, अण्णा कठड्याला धरून कसेबसे राहिले पण वायसर सुटला तो थेट सोसायटीच्या सेक्रेटरीच्या पायांत. सेक्रेटरी आपटले, चष्मा फुटला. नवीन भिंगं मीच घालून दिली. तरी समितीचं पत्र आलंच. कुत्र्याने आठ रविवारचा वर्ग करावा, शेवटी बाईंसमोर आणि समितीच्या प्रतिनिधीसमोर चाचणी द्यावी, आणि पास झाला नाही तर त्याची इमारतीबाहेर सोय करावी. अण्णांनी पत्र दोनदा वाचलं, घडी केली आणि त्या दिवशी जेवले नाहीत. बायको मला स्वयंपाकघरात म्हणाली, "हा गेला ना, तर अण्णा पुन्हा त्या खुर्चीत बसतील. आणि या वेळी उठायचे नाहीत." मी म्हटलं, "कुत्र्याचं शेपूट आहे, नळीत घालून सरळ होणारंय का?" ती म्हणाली, "तुम्ही जा त्यांच्याबरोबर. एका घरातले दोघे लागतात तिथे." तसा मी वर्गात आलो. पाण्याचा वाडगा धरायला.

बाईंनी प्रत्येक घराला एक वही दिली होती, रोजचा सराव लिहायला. बाकीच्यांच्या वह्या पहिल्या आठवड्यातच कुत्र्यांनी खाल्ल्या. आमची वही अण्णांनी ड्रॉइंगच्या अक्षरात भरली. तारीख, वेळ, किती सेकंद थांबला, विक्षेप कोणता होता ते. "कुकरची शिट्टी, हलला नाही." "दाराची घंटा, कान हलवले, बैठक कायम." आणि शेवटच्या रकान्यात शेरा. मी एकदा ते अंघोळीला गेल्यावर वही उघडली. उत्तम. उत्तम. फार छान. आज तर कमालच केली पठ्ठ्याने. मी ती पानं दुकानात एखाद्याचा नंबर तपासावा तशी पुन्हा पुन्हा जवळ-लांब धरून वाचली. पठ्ठ्याने! सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, घरात स्वतःची मुलगी कॉलेजला जाणारी, आणि कुत्र्याच्या प्रगतिपुस्तकावर डोळे लावून बसलेला.

सर्वांत अवघड धडा "थांब"चा. कुत्र्याला बसवायचं, तळहात त्याच्या नाकासमोर धरून "थांब" म्हणायचं आणि लांब जायचं. आधी एक पाऊल, मग पाच, मग खोलीबाहेर. बाई म्हणाल्या, "लक्षात ठेवा, थांब म्हटलंत की तुमच्याकडे एक काम लागलं. परत यायचं आणि 'झालं' म्हणायचं. ज्याने थांब म्हटलं त्यानेच. लोक नेमके हेच विसरतात. चहा प्यायला बसतात. बिचारं ते तिथे बसलेलं, त्याला कोण सांगणार संपलं म्हणून?" सगळे हसले. शिंपी सगळ्यांत मोठ्याने हसला. अण्णा हसले नाहीत आणि माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही, हे मी पक्कं टिपलं, कारण मी त्यांच्याकडेच बघत होतो.

मी नऊ वर्षांचा होतो. सुट्टी होती आणि अण्णा मला कारखाना दाखवायला घेऊन गेले होते. आपणहून! आईने मला नवा पांढरा शर्ट घातला होता. फाटकाच्या आत ट्रक तोलायचा मोठा वजनकाटा होता, जमिनीत बसवलेला लोखंडी पत्रा. त्याच्या कडेला मला उभं केलं आणि म्हणाले, "इथेच थांब. हलायचं नाही. मी आलोच." अकराचा भोंगा नुकताच झाला होता. मी थांबलो. ट्रक आले, तोलले गेले, गेले. पत्र्यावरून गरम वाफ पायांना लागत होती. आत काहीतरी गडबड झाली, माणसं धावली, एक गाडी जोरात बाहेर गेली. मी हललो नाही. पहारेकरी म्हणाला, "बाळ, सावलीत ये," मी मान हलवली. पाणी देऊ का म्हणाला, मी नको म्हटलं, कारण पाणी प्यायला त्याच्या चौकीपर्यंत जावं लागलं असतं. दुपारी कधीतरी मला लागली. मी पाय आवळून उभा राहिलो. मग आवळून काही उपयोग नव्हता. चड्डीतून, पायावरून, मोज्यात. पत्र्यावर डाग पडला आणि उन्हाने तो वाळतानाही मी बघितला. तरी मी हललो नाही. मनात एकच होतं, अण्णा येतील आणि बघतील की हा हलला नाही. संध्याकाळचा भोंगा झाला, त्यानंतर अण्णा आले. शर्टावर रक्त होतं, त्यांचं नव्हतं. कुणाचा तरी हात यंत्रात गेला होता, त्याला घेऊन इस्पितळात बसले होते. पुढे कितीतरी वर्षं लोक ती गोष्ट सांगत, फोरमनने त्या माणसाचा हात वाचवला. खरंच वाचवला. अण्णांनी मला वरून खाली बघितलं, चड्डीपाशी नजर थांबली, आणि म्हणाले, "चल." बस, एवढंच. रस्ताभर मी त्यांच्या मागून चालत होतो आणि वाटत होतं, आता बोलतील, त्या वळणावर बोलतील, घराच्या पायरीवर तरी बोलतील.

तर वायसर दहा सेकंद बसतो आणि त्याला टोस्टचा तुकडा मिळतो. अण्णा रात्री टोस्ट सुरीने कापतात, सगळे तुकडे सारख्या मापाचे, आणि शर्टाच्या डाव्या खिशात भरतात. दहा सेकंद! मी सात तास उभा होतो.

पाचव्या रविवारनंतर मी ते सुरू केलं. अण्णा सकाळी अंघोळीला गेले की मी वायसरला स्वयंपाकघरात बोलवायचो. बसवायचो. तळहात दाखवून "थांब" म्हणायचो. तो बसायचा, गुणी बाळासारखा. मग मी दोन पावलं मागे जाऊन हळूच म्हणायचो, "ये." तो गोंधळायचा. पुढचा पाय उचलायचा, ठेवायचा. मी खिशातून उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक काढायचो. भिंगं ज्या कागदी पाकिटांत येतात त्यातलं एक पाकीट मी त्यासाठी ठेवलं होतं. पाकीट चुरचुरलं की तो धावत यायचा आणि माझी बोटं चाटायचा, अगदी नखांच्या मुळापर्यंत. त्याची जीभ गरम होती. मला आनंद व्हायचा, तो कबूल करायला हवा. हा माझ्याकडे येतो. त्यांचा शब्द मोडून माझ्याकडे येतो. बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की घरातल्या एकाने थांबवायचं आणि दुसऱ्याने बोलवायचं असं कधीही करू नका, त्याने शब्दच मोडतो, मग तो पुन्हा जोडत नाही. मी नीट ऐकलं होतं. त्या दिवशी पाण्याचा वाडगा हातात असूनही एक थेंब सांडला नव्हता.

बायकोच्या नजरेतून काही सुटत नाही. एका सकाळी ताटलीतले नुसते पांढरे भाग बघून म्हणाली, "अहो, बलक खाणं कधीपासून सोडलंत?"

"कोलेस्टेरॉल," मी म्हटलं.

"कुत्र्याला पण आहे का? त्याच्या मिशांना पिवळं लागलंय." मग ती माझ्यासमोर बसली. "तुम्ही त्याच्यावर जळताय."

"मी? कुत्र्यावर?"

"मग कुणावर?" ती म्हणाली. मी डबा उचलून निघालो. दुकानात त्या दिवशी मी एका बाईच्या भिंगाला उलटा कोन घातला. दहा वर्षांत असं झालं नव्हतं.

आठव्या रविवारी सभागृहात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. सेक्रेटरी खुर्ची टाकून बसले होते, मीच घातलेल्या भिंगांतून सगळ्यांकडे बघत. शिंप्याची कुत्री चाळीस सेकंदांत उठून जाळीचा खांब हुंगायला गेली. त्याच्यावर कसलीच टांगती तलवार नव्हती, तो नुसताच लाजला. मग आमचा नंबर आला. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तीन मिनिटं, मालक नजरेआड, आणि मधे एक मोह. बाई म्हणाल्या, "अनोळखी माणसाला कोण भुलतंय? मोह घरातलाच हवा." आणि माझ्याकडे बोट केलं. "तुम्ही त्याच्यासमोरून हळूहळू चालायचं. बोलवायचं नाही. नुसतं असायचं."

माझ्या खिशात पाकीट होतं. का आणलं होतं? सवयीने, असं मी स्वतःला सांगितलं असतं, पण सकाळी मी ते दोनदा खिशाबाहेर ठेवलं होतं आणि दोनदा परत घेतलं होतं. सवयीने कुणी असं करत नाही.

अण्णांनी वायसरला मधल्या रेघेवर बसवलं. तळहात धरला. "थांब," ते म्हणाले, आणि तो आवाज मी ओळखला. वर्गातला चढा नव्हता. वजनकाट्याजवळचा होता, सरळ, खालचा. मग ते वळले आणि एकेक पाय सांभाळत बाजूच्या दाराने बाहेर गेले. दाराला वरच्या बाजूला काचेचा चौकोन आहे. बाईंनी घड्याळ दाबलं.

मी चालायला लागलो. त्याच्यापासून चार पावलांवरून गेलो आणि आलो. वायसरने माझ्याकडे बघितलं आणि शेपूट जमिनीवर एकदा आपटलं. माझा हात खिशात होता. दुसऱ्या फेरीत पाकीट चुरचुरलं. मी चुरचुरवलं. बोटांनी, मुद्दाम, फार नाही. त्याचे कान टवकारले, मागचा भाग जमिनीपासून बोटभर वर आला. सेक्रेटरी पुढे वाकले. एक "ये" म्हणायचीही गरज नव्हती, अजून एकदा बोटं हलवली असती तर काम झालं असतं. अण्णा आत येतील, रेघ रिकामी दिसेल, त्यांचा राजा माझ्या पायांशी दिसेल. मग बघू काय शेरा लिहितात. आणि मग वायसर परत खाली बसला. थरथरत होता. पायांपासून कानांपर्यंत सगळा थरथरत होता, तोंडातून लाळेची तार सुटून खाली पडत होती, आणि दारावरची नजर त्याने काढून माझ्यावर आणली, पुन्हा दारावर नेली. त्याच्या पुढच्या पायांमध्ये फरशीवर ओला डाग झाला होता. मी तो डाग बघितला. मोज्यात गरम काहीतरी उतरल्यासारखं वाटलं, खरंच वाटलं, मी खाली माझ्या पायांकडे बघितलं. मग हात खिशातून बाहेर काढला आणि दोन्ही हात मागे बांधून उभा राहिलो. हलू नकोस, मी मनात म्हणालो. आता हलू नकोस रे, थोडंच राहिलंय.

"तीन," बाई म्हणाल्या. "काका, या!"

दार उघडलं नाही. आम्ही सगळे दाराकडे बघत राहिलो. "काका, झाली वेळ!" चार मिनिटं झाली. वायसरचे पाय फरशीवर सरकायला लागले होते, तो ते ओढून जागेवर आणत होता. मी त्याच्याजवळ गेलो, "झालं," म्हटलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. बरोबरच होतं, थांब मी म्हटलं नव्हतं. माझ्या मनात नको ते आलं आणि मी दाराकडे धावलो.

अण्णा दाराच्या पलीकडे उभे होते. काचेपासून वीतभर. एक हात कडीवर.

"अण्णा, काय होतंय? बसता का?"

"काही नाही." नजर काचेतून आतच होती. "किती झाली?"

"पाच होत आली."

"हलला नाही?"

"नाही."

त्यांनी दुसरा हात चौकटीला टेकवला. मला वाटलं गुडघा धरला असेल, मी हात पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही, पण दंडाला टेकले. मग काचेलाच सांगावं तसं म्हणाले, "तेव्हाही मी आधी आलो होतो. तू बघितलंस त्याच्या आधी. टाइम ऑफिसच्या कोपऱ्यापाशी. इस्पितळात तू आठवलासच नाहीस मला. फाटकात शिरलो आणि तू दिसलास. तसाच उभा. ओला झालेला." कडीवरचा हात खाली आला. "पाय उचलेना. कुठल्या तोंडाने यायचं? भोंगा होईपर्यंत तिथेच उभा होतो मी."

मला काही बोलायला हवं होतं. अडतीस वर्षांत मी या प्रसंगासाठी बरीच वाक्यं तयार केली होती, काही चांगली होती. त्यातलं एकही वर आलं नाही. मी एवढंच म्हटलं, "अण्णा, तो अजून बसलाय."

"हं," ते म्हणाले. "चल."

माझा दंड धरून ते आत आले. सभागृहात कुणी हललं नाही. अण्णा रेघेपर्यंत चालत गेले, फोरमन कामाजवळ जातो तसे, आणि म्हणाले, "झालं." वायसर सुटला. त्यांच्या गुडघ्यांवर, छातीवर, माझ्यावर, पुन्हा त्यांच्यावर. "शाब्बास," अण्णा म्हणत होते, "शाब्बास रे, किती थांबलास, किती रे थांबलास." बाई हसून सेक्रेटरींना म्हणाल्या, "पाच मिनिटं वीस सेकंद. आता काय म्हणता?" सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला आणि सही केली.

अण्णांनी डावा खिसा चाचपला. टोस्टचा एकच तुकडा उरला होता. वायसर समोर येऊन बसला, न सांगता, मागचा भाग नीट टेकवून. अण्णांनी तुकड्याकडे बघितलं, मग बाजूला, आणि माझा हात धरून तो तुकडा माझ्या तळव्यात ठेवला. बोटं मिटवली. शाब्बास म्हणाले नाहीत. ते वळून तपासायला दिलेली वही मागायला बाईंकडे गेले.

तुकडा सुकलेला होता, त्याला खिशातली तंबाखूची भुकटी लागली होती. खाली वायसर बसून माझ्या मुठीकडे टक लावून बघत होता, लाळ गाळत. खिशात त्याच्यासाठी आख्खा बलक होता, तो मी त्याला नंतर देणारच होतो. पण हा नाही. मी मूठ उघडली आणि तुकडा तोंडात टाकला. बघत होता. बघू दे.